‘येते’ म्हणाले होते

ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज भरताना एक प्रश्न येतो: सध्या कुठं राहता, आणि किती काळापासून? प्रश्न साधा दिसतो, पण पुढची बरीच कागदपत्रं त्याच्या उत्तरावर ठरतात. क्षयाची तपासणीच घ्या. भारतात राहणाऱ्या माणसाला सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी ब्रिटनला जायचं असेल, तर क्षय नसल्याचा दाखला जोडावा लागतो. मी अर्ज भरतेय अमेरिकेतून. आयोवात मला चार वर्षं होत आली, म्हणून मला तो लागत नाही. पासपोर्ट भारताचा, फुप्फुसं सिल्लोड तालुक्यातल्या धुळीवर पोसलेली. पण या नियमाला माणूस कुठला आहे यापेक्षा तो कुठून येतोय हे महत्त्वाचं. इंग्रजीच्या बाबतीत नेमकं उलटं. तिथं मी पुन्हा भारतीय ठरते. माझी पीएच.डी. इंग्रजीतून झाली, हे ब्रिटनमधल्या एका संस्थेकडून पैसे भरून प्रमाणित करून घ्यायचं.

तुमच्यापैकी ज्यांनी एका परक्या देशात बसून दुसऱ्या परक्या देशातल्या नोकरीचा अर्ज भरलाय, त्यांना हे नवीन नाही. प्रत्येक पानावर आपण थोडे वेगळे असतो. आणि काही उत्तरं तर खरीही नसतात, तरी ती सगळ्या सरकारांना चालतात. फॉर्ममध्ये वडिलांची जन्मतारीख विचारतात. मी १ जून लिहिते. माझे वडील, त्यांचे दोन्ही भाऊ आणि गल्लीतले निम्मे म्हातारे १ जूनला जन्मलेले आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची होती. भारत सरकारनं ती मान्य केली, अमेरिकेनं केली, आता ब्रिटन करेल. ही तारीख खोटी आहे म्हणून मला कधी अपराधी वाटलं नाही. तुम्हालाही वाटलं नसेल.

मला त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. अर्ज शेवटपर्यंत चाळून झाल्यावर लक्षात आलं, की मी परत जाणार का, हे यात कुणी विचारलेलंच नाही. ब्रिटनचा हा कुशल कामगारांचा व्हिसा आहे. नोकरी देणाऱ्या विद्यापीठानं प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र दिलं, आरोग्य अधिभाराचे वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ भरले, की तुमच्या मनात पुढं काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्याच वाटेनं पुढं कायमच्या वास्तव्याचा अर्जही करता येतो. मी खरं तर सुटले म्हणायला हवं होतं. कारण चार वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला विचारला गेला होता आणि मी त्याचं ठणठणीत उत्तर दिलं होतं.

तेव्हाची गोष्ट सांगते. मी मक्यावर काम करते. एम.एस्सी. परभणीला, पीएच.डी. दिल्लीला. २०१८ साली भारतात पहिल्यांदा नोंदली गेलेली अमेरिकन लष्करी अळी पुढच्याच खरिपात आमच्या शेतात आली. पोंग्यात शिरून तिनं अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मका असा खाल्ला की शेवटी त्यांनी तो जनावरांपुढं टाकला. तेव्हापासून ही अळी मक्याच्या कोणत्या वाणावर का थांबते, हा माझा विषय झाला. २०२२ मध्ये आयोवातल्या एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक मिळाली. व्हिसा जे-१.

जे-१ चा कायदा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हा व्हिसा पाहुण्यांचा आहे. अर्जदाराचं मायदेशात घर असलं पाहिजे आणि ते सोडून देण्याचा त्याचा हेतू नसला पाहिजे. शिवाय अमेरिकन कायदा असं धरून चालतो, की समोर आलेला प्रत्येक जण कायमचा राहायलाच आलाय. तसं नाही हे त्यानं पटवून द्यायचं. (एच-१बी वाल्यांना ही अट नाही. त्यांना परत जायचा आणि राहायचा, असे दोन्ही हेतू एकाच वेळी बाळगायची कायद्यानं मुभा आहे. माणसाच्या मनाचं इतकं यथार्थ वर्णन मी दुसऱ्या कुठल्या कायद्यात वाचलेलं नाही.)

हेतू पटवून कसा द्यायचा? आम्ही फाइल केली. तिच्यात सातबारा होता, त्याचं इंग्रजी भाषांतर, चार एकरांची किंमत सांगणारं सी.ए.चं प्रमाणपत्र, घराच्या कराची पावती. अमेरिकेच्या अर्जात मायदेशी तुमची माहिती देऊ शकतील अशा दोन बिगर-नातेवाइकांची नावं मागतात. मी माझ्या कॉलेजातल्या सरांचं दिलं आणि शेजारच्या नानांचं. नानांना इंग्रजीत फोन आला तर काय बोलायचं, याची त्यांनी आठवडाभर तयारी केली. फोन आला नाही, याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

मुंबईत बीकेसीतल्या दूतावासात फोन आत नेता येत नाही, बॅगही नाही. अण्णा माझी पिशवी आणि फोन धरून बाहेर फुटपाथवर बसले. आत खिडकीपलीकडच्या बाईंनी फाइल उघडलीसुद्धा नाही. संशोधन कशावर, पैसे कोण देणार, आणि नंतर काय करणार, एवढंच विचारलं. मी म्हणाले, परत येणार, आमच्या भागातल्या विद्यापीठात शिकवणार. आईवडील आहेत, शेती आहे, मी एकुलती एक. दोन मिनिटांत काम झालं.

बाहेर आले तर अण्णा उठून उभे राहिले. “काय इचारलं?”

“परत येणार का, म्हणून विचारलं.”

“मंग? काय म्हनली तू?”

“येणार म्हणाले.”

ते काही बोलले नाहीत. पिशवी माझ्या हातात दिली आणि रस्ता ओलांडताना, मी आठवीत असताना धरायचे तसा, माझा दंड धरला.

माझ्या व्हिसाखाली एक ओळ छापून आली होती: धारकाला दोन वर्षांचा नियम लागू. अर्थ असा, की काम संपल्यावर आधी मायदेशात एकूण दोन वर्षं काढायची. त्याशिवाय अमेरिकेचा एच-१बी किंवा ग्रीन कार्ड मिळणार नाही. आणि ती दोन वर्षं तिसऱ्या देशात काढून चालत नाही. कोणत्या देशाला कोणत्या कौशल्यांची गरज आहे याची अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक यादी असते. त्या यादीत तुमचा देश आणि तुमचा विषय असला, की हा नियम लागतो. माझा होता. यातून सुटायचं असेल तर भारत सरकारकडून एक दाखला मिळवता येतो. त्याला ‘नोरी’ म्हणतात. या व्यक्तीवर भारतात परत येण्याचं बंधन नाही, असं सांगणारा हा दाखला. मला या व्यवस्थेची मोठी गंमत वाटायची. परका देश सांगतो, तू तुझ्या देशाचं देणं लागतेस. आपला देश सांगतो, छे, काही देणं नाही, हा घ्या शिक्का. फक्त तो शिक्का मिळेपर्यंत इतक्या कचेऱ्यांच्या ना-हरकती गोळा कराव्या लागतात, की त्यापेक्षा दोन वर्षं परत गेलेलं बरं.

मला ती लागलीच नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी परराष्ट्र खात्यानं ती यादी बदलली आणि भारताचं नाव तिच्यातून गेलं. केवळ त्या यादीमुळे अडकलेले आमच्यासारखे सगळे एका सकाळी मोकळे झाले, मागच्या तारखांचेसुद्धा. लॅबमधल्या तेलुगू मुलानं केक आणला. मीही खाल्ला. केक खाताना मनात आलं ते असं: जी गोष्ट मी करणारच होते, ती करायची सक्ती उठली, तर मला इतका आनंद का झाला?

या प्रश्नावर मी वर्षभर टाळाटाळ केली. मग २०२५ आलं. आमच्या प्रकल्पाचं अनुदान पुढं मिळालं नाही. सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, आणि त्यातून सूट कुणाला मिळते हे स्पष्ट होईपर्यंत आमच्या विभागानं नव्या अर्जांचं नावच काढायचं थांबवलं. त्याच महिन्यात, अमेरिकन व्हिसाची मुलाखत आता आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच द्यायची, असा आदेश निघाला. म्हणजे कॅनडा-मेक्सिकोत जाऊन शिक्का मारून आणायची आपल्या लोकांची जुनी सोयही गेली. मी अर्ज करायला लागले: जर्मनी, आयर्लंड, न्यूझीलंड, ब्रिटन. आणि भारतही. भारताचं मी मुद्दाम शेवटी लिहिलं नाही, क्रम तसाच होता.

भारतात दोन ठिकाणी अर्ज केला. एक जाहिरात रद्द झाली. दुसरीकडं मुलाखतीआधीच एका मध्यस्थानं घरच्या माणसांशी बोलायची इच्छा दाखवली, आणि ते बोलणं लाखांतलं होतं. हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटलं नसेल, मलाही वाटलं नाही. माझी परभणीची मैत्रीण सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय. तासाचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि मिळायचे ते पैसेही महिनोन्‌महिने उशिरा. ‘परत येऊन काहीतरी करावं’ असं मी फोनवर म्हणाले की ती हसते. एकदा म्हणाली, “ये की. पण येऊन माझ्याच रांगेत उभी राहशील. जागा निघाली तर एक निघेल. तुझ्या बायोडाटावर आयोवा आहे, माझ्यावर नाही.” देशाचं ऋण फेडायला परत जाण्याच्या कल्पनेवर इतका साधा आक्षेप मी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. मी परत जाण्यानं देशाला एक शिक्षक मिळेलच असं नाही. कदाचित माझ्यामुळे दुसऱ्या एका शिक्षिकेची जागा जाईल.

फेब्रुवारीत उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठानं व्याख्यातापदाची नोकरी देऊ केली. कायमची.

आता मुद्द्यावर येते. मुंबईच्या खिडकीवर मी खोटं बोलले होते का?

इथल्या मित्रमैत्रिणींचं एकमत आहे: नाही. त्यांचं म्हणणं, व्हिसाच्या मुलाखतीतलं बोलणं हे बोलणं नसतंच, तो विधी असतो. विचारणाऱ्यालाही माहीत, सांगणाऱ्यालाही माहीत. एकानं तर मराठीतलाच दाखला दिला. कुणाच्या घरून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. ‘जाते’ म्हणणं अशुभ. पण त्याचा अर्थ आपण खरंच परत येणार असा कुणी घेत नाही. तसंच हे.

पटण्यासारखं आहे, पण दोन ठिकाणी अडतं. एक म्हणजे हा विधी सगळ्यांना सारखा लागू नाही. माझं ‘परत येणार’ आणि चार एकर नसलेल्या मुलीचं ‘परत येणार’ हे शब्द तेच असले तरी त्यांची किंमत एक नाही. माझी फाइल उघडली नाही हे खरं. पण ती बगलेत होती म्हणून माझा आवाज ठणठणीत होता. ज्या व्यवस्थेत हेतू सातबाऱ्यावर मोजतात, तिथं ‘सगळ्यांनाच माहीत असतं’ हे म्हणणं ज्यांचं काम झालं त्यांनाच परवडतं. दुसरी अडचण नंतर सांगते.

माझ्या इमारतीत वर राहणारी बाई तत्त्वज्ञान शिकवते. तिनं मला एलिझाबेथ अ‍ॅन्सकम यांचं १९५७ मधलं ‘इन्टेन्शन’ हे छोटं पुस्तक दिलं. छोटं आहे, सोपं नाही. त्याच्या सुरुवातीलाच एक भेद आहे, त्यानं मला बराच धीर दिला. मला आता उलटी होणार, असं कुणी म्हणालं तर ते भाकीत असतं. मी आता फिरायला जाणार, असं म्हणालं तर तो हेतू असतो. दोन्ही वाक्यं भविष्यकाळातली, पण घडण वेगळी. फिरायला जाणार म्हणालेला माणूस गेला नाही तर तो चुकीचं बोलला असं होत नाही; त्याचं मन बदललं एवढंच. त्या खिडकीवर मी जे बोलले तो हेतू होता, आणि त्या दिवशी तो खरा होता. मला परत यायचं होतं. लष्करी अळी आयोवात नव्हे, सिल्लोडमध्ये माझ्या बापाचं पीक खाते. मी दुसरीकडं कशाला राहीन? नंतर मन बदललं. म्हणजे मी खोटारडी नाही. या निष्कर्षावर मी काही दिवस आनंदात होते.

मग आईचा फोन आला.

आई काही सांगायला म्हणून फोन करत नाही. इकडचं तिकडचं बोलते आणि मधेच ते येतं. रस्त्याकडेच्या वीस गुंठ्यांना २०२३ मध्ये गिऱ्हाईक आलं होतं, चांगलं. अण्णांनी दिले नाहीत. गुडघ्याच्या ऑपरेशनला त्यातून पैसे झाले असते. मी पैसे पाठवते म्हटलं तर “तुला तिकडं लागंल” म्हणून नको म्हणायचे. मला वाटायचं, ऑपरेशनला भितात. वीस गुंठे का दिले नाहीत? आई म्हणाली, “म्हणे, पोरगी आली की तिला मक्याचे प्लॉट लावायला रस्त्याकडंची जागा लागंल, लोक बघायला येतील.”

तीन वर्षं त्या तुकड्यात ते ज्वारी टाकतात, चाऱ्यापुरती.

ही ती दुसरी अडचण. ‘येते’ म्हणून शेजारणीकडून निघालेल्या बाईसाठी कुणी ताट वाढून ठेवत नाही, म्हणून तिथं तो शब्द नुसता शब्द राहतो. अण्णांनी ताट वाढून ठेवलं होतं. मी खिडकीवर एक वाक्य बोलले आणि तेच वाक्य पाच मिनिटांनी फुटपाथवर बोलले. खिडकीवर तो पुरावा होता. फुटपाथवर तो शब्द होता, दिलेला. शब्द एकच असल्यामुळे हा फरक माझ्या ध्यानात आला नाही, आणि त्यांच्या तर येण्याचं कारणच नव्हतं.

टी. एम. स्कॅनलन नावाचे एक अमेरिकन तत्त्वज्ञ आहेत. वरच्या बाईंनीच हेही नाव सांगितलं. वचन मोडण्यात नेमकं वाईट काय, याचं त्यांचं उत्तर स्थूलमानानं असं: मी जाणूनबुजून तुमच्या मनात एक अपेक्षा तयार केली, ती तुम्हाला हवी आहे हे मला माहीत होतं, आणि तुम्ही तिच्यावर विसंबणार हेही. मग ती पुरी करायची जबाबदारी माझी. ‘मी वचन देते’ हे शब्द उच्चारले की नाही, हा प्रश्न गौण. अ‍ॅन्सकम वाचून मी सुटले होते, स्कॅनलनमध्ये पुन्हा अडकले. आणि मी जाणूनबुजून अपेक्षा तयार केली नव्हती, असं म्हणायचीही सोय नाही. रस्ता ओलांडताना त्यांनी दंड धरला तेव्हा मला कळलं होतं. मी दुरुस्त केलं नाही. तेव्हा ते ऐकायला मलाही बरं वाटत होतं.

खरं तर याहून थोडं वाईट आहे. अमेरिकन सरकारला दाखवायला मी त्यांचा वापर केला. सातबारा, करपावती, नाना आणि आईवडील, सगळे एकाच फाइलमधले पुरावे होते, माझे इथले धागे किती घट्ट आहेत हे सांगणारे. साक्षीदार म्हणून माणसाला उभं करायचं, त्याच्या जिवावर निकाल आपल्या बाजूनं लावून घ्यायचा, आणि नंतर त्याच्याकडं वळून बघायचं नाही. दूतावासाचं माझ्यावर काही देणं राहिलेलं नाही. त्यांनी त्यांचा नियम स्वतःच उठवला. त्यांच्याशी मी खोटं बोलले की नाही, हा प्रश्न मला आता फारसा महत्त्वाचाही वाटत नाही.

इथं मला एक मोह होतो, तोही सांगून टाकते. मक्यावर काम करणाऱ्या आणि तिसऱ्या देशात शिकवायला निघालेल्या मराठी माणसाला पांडुरंग खानखोजे आठवल्याशिवाय राहत नाहीत. वर्ध्याचा माणूस, ऑरेगन आणि वॉशिंग्टनमध्ये शेतकी शिकला, गदर पक्षाच्या उभारणीत होता, पहिल्या महायुद्धात इराणपर्यंत जाऊन इंग्रजांशी लढला. इंग्रजांच्या राज्यात परत जाणं शक्य नाही, म्हणून १९२४ मध्ये मेक्सिकोला गेला आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाला. मक्याच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेरानं मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातल्या भित्तिचित्रात त्यांना भाकरीच्या मेजाशी बसवलंय. भारत स्वतंत्र झाल्यावर यायला निघाले, तर इंग्रजांनी करून ठेवलेल्या काळ्या यादीमुळे स्वतंत्र भारतानं सुरुवातीला त्यांना व्हिसा नाकारला. शेवटी आले, नागपुरात राहिले, १९६७ मध्ये तिथंच गेले.

आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत हे नाव घेतलं की टाळ्या पडतात. मीही एकदा घेतल्या आहेत. पण मला ते नाव आडोसा म्हणून वापरता येत नाही. मका आणि तिसरा देश सोडला तर आमच्यात काही समान नाही. ते येऊ शकत नव्हते. त्यांच्या घरच्यांनी वाट पाहिली असेल तर तिचा दोष एका साम्राज्याचा होता. मी येऊ शकते. मुंबईचं तिकीट काढायला मला कुणाची परवानगी लागत नाही. मी येत नाही, कारण तिकडं मला कायमची नोकरी, प्रयोगशाळा आणि दर महिन्याला पगार आहे, आणि मी चौतिशीची झाले आहे. ही कारणं लाज वाटण्यासारखी नाहीत. पण ती माझी आहेत, साम्राज्याची नाहीत.

मग शब्द पाळायला परत जायचं का? याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. मला तसं वाटत नाही. अण्णांना अपेक्षेपेक्षा जास्त त्रास होईल तो मी तासिका तत्त्वावर शिकवताना बघून. पण शब्द पाळायचा नसेल तर निदान तो परत मागायला हवा, आणि वेळेत. मोडून झाल्यावर सांगणं वेगळं आणि समोरच्याला आपलं शेत-घर बदलायला अवधी मिळेल तेव्हा सांगणं वेगळं. मी चार वर्षं काय केलं होतं? “यंदा बघू,” “ग्रँटचं कळलं की सांगते.” प्रत्येक फोनच्या शेवटी ‘येते’ म्हणत राहिले, आणि प्रत्येक वेळी ते वीस गुंठे आणखी एका हंगामापुरते अडवून ठेवले.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी, म्हणजे तिकडं संध्याकाळी, फोन केला. निमित्त हवं म्हणून जन्मतारखेचं विचारलं. “१ जूनच ना अण्णा?”

“आता काय बदलती का ती?”

मग सांगितलं. इंग्लंडमध्ये शिकवायची नोकरी लागली. टीव्हीचा आवाज कमी झाला.

“तिकडं मका हाय का?”

“आहे, पण बहुतेक चाऱ्याचा. दाणा पक्का व्हायला तिकडं ऊन पुरत नाही.”

“मंग तू काय शिकवनार?”

मला हसू आलं, त्यांनाही आलं असावं. मग म्हणाले, “किती वर्सं?”

उत्तर मी आधी तयार केलं होतं. व्हिसा पाच वर्षांचा आहे, तेव्हा पाच म्हणायचं. ते खोटंही नव्हतं. पण पाच म्हटलं असतं तर त्यांनी पाच वर्षं मोजली असती.

“कायमची आहे, अण्णा.”

बराच वेळ नुसता टीव्हीचा बारीक आवाज येत होता. मग ते म्हणाले, “जूनच्या आत सांगितलं ते बरं केलं.” वीस गुंठ्यांचं काय करणार, असं मी विचारलं. म्हणाले, “ते माझं मी बघतो. तू फारम भर.” आई नंतर बोलली, पण तिला रडू येत होतं, म्हणून फार काही बोलणं झालं नाही.

ते मला माफ करतील का, असा प्रश्न मला तुम्ही विचारू नका. माफी मी मागितलेली नाही, कारण ती मागितली की लगेच मिळेल हे मला माहीत आहे, आणि मग मलाच कळणार नाही की ती त्यांनी दिली की मी काढून घेतली.

अर्ज अजून पाठवलेला नाही. अधिभार एकदम पाच वर्षांचा भरायचा, ५,१७५ पौंड. त्यासाठी कार्डाची मर्यादा वाढवून घ्यावी लागणार. पत्त्याच्या रकान्यात आयोवाचा पत्ता घातला. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर अजून गावचाच आहे.

परवा आईचा पुन्हा फोन आला. अण्णा रस्त्याकडेच्या तुकड्यात यंदा अद्रक लावणार आहेत. बेणं बघायला नानांना घेऊन कन्नडला गेले होते. गुडघा दुखत असताना गाडीवर मागं बसून गेले, म्हणून ती चिडली होती.